डोंगरावर जाऊन बसलेली माणसं : रोमच्या प्लेबियनांचा दोनशे वर्षांचा झगडा

उंबरठा

इ. स. पू. ४९५. रोमच्या फोरममध्ये, म्हणजे गावाच्या भर चौकात, एक म्हातारा येऊन उभा राहतो. अंगावर चिंध्या, दाढी-केस रानोमाळ वाढलेले, शरीराचा नुसता सापळा. तरी लोक त्याला ओळखतात. हा तर आपला सेंच्युरियन, तुकडीचा नायक! तो छातीवरचे लढाईतले वार दाखवतो. ही दशा कशाने झाली, असं लोक विचारतात तेव्हा तो सांगू लागतो. साबाइन लोकांशी लढायला गेलो. मागे शत्रूने शेत जाळलं, घर लुटलं, गुरं हाकून नेली. नेमकी तेव्हाच कराची पट्टी आली म्हणून कर्ज काढलं. व्याज चढत गेलं. आधी आजा-बापाची जमीन गेली, मग उरलंसुरलं गेलं आणि शेवटी सावकाराने मलाच उचलून नेलं. एवढं बोलून तो पाठ उघडी करतो. तिच्यावर चाबकाचे ताजे वळ असतात.

रोमन इतिहासकार लिव्हीने लिहिलेला हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला त्याला बरीच वर्षं झाली, पण तो डोक्यातून जात नाही. रोमचे राजे गेले, प्रजासत्ताक आलं (परंपरेने इ. स. पू. ५०९), दरवर्षी दोन कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, निवडू लागले, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण कॉन्सल कोण होणार, देवांचा कौल कोण घेणार, न्याय कोण देणार, हे सगळं काही घराण्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. ती घराणी म्हणजे पॅट्रिशियन. बाकी सगळे प्लेबियन. प्लेबियन म्हणजे गरीब, असा समज सर्रास दिसतो, तो बरोबर नाही. प्लेबियनांतही पैसेवाले, जमीनजुमला असलेले होते. त्यांच्याकडे नव्हता तो फक्त जन्माचा शिक्का. या लढ्याचं पुढे जे झालं ते समजायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

म्हाताऱ्याला पाहून गाव पेटलं. तेवढ्यात शेजारचे व्होल्शियन लोक चालून येत असल्याची बातमी आली आणि लोकांनी नावनोंदणीला सरळ नकार दिला. कॉन्सल सर्व्हिलियसने हुकूम काढला की लढायला जाणाऱ्या नागरिकाला कोणी कोंडून ठेवायचं नाही आणि तो छावणीत असेपर्यंत त्याच्या मालमत्तेला हात लावायचा नाही. लोक गेले, लढले, जिंकून आले. परत येताच दुसरा कॉन्सल अ‍ॅपियस क्लॉडियस याने कर्जदारांना पुन्हा सावकारांच्या हवाली करायला सुरुवात केली.

पुढच्या वर्षी तेच घडलं. नवीन लढाई, नवीन वचन. या खेपेला वचन देणारा होता हुकूमशहा (म्हणजे संकटकाळी थोड्या मुदतीसाठी नेमलेला सर्वाधिकारी) मॅनियस व्हॅलेरियस. सिनेटने त्याचंही ऐकलं नाही तेव्हा त्याने पद सोडलं. सिनेटला भीती होती की सैनिकांना घरी सोडलं तर लोक पुन्हा गुप्त बैठका घेतील, म्हणून शत्रूचं निमित्त काढून सैन्याला बाहेर न्यायचा आदेश निघाला. सैनिक कॉन्सलला दिलेल्या शपथेने बांधलेले होते. कॉन्सलला मारलं तर शपथ सुटेल का, असंही काहींच्या मनात आलं. गुन्हा करून शपथ सुटत नसते, असं त्यांना सांगण्यात आलं. मग सिसिनियस नावाच्या एकाच्या सल्ल्याने ते सगळे उठले आणि अनिओ नदीपलीकडे, शहरापासून तीन मैलांवर, पवित्र डोंगरावर जाऊन बसले.

माझ्या दृष्टीने सगळ्या रोमन इतिहासात याच्याइतकं मोठं दुसरं काही नाही. त्यांनी जाळपोळ केली नाही. खंदक खणला, तटबंदी घातली, पोटापुरतं तेवढं घेतलं आणि शांत बसले. घाबरलं ते शहर. कारण शत्रू आला तर लढणार कोण?

मग सिनेटने मेनेनियस अग्रिप्पाला पाठवलं. त्याची पोटाची गोष्ट जगभर माहीत आहे. हात, तोंड, दात पोटावर रुसतात, पोट काही करत नाही म्हणून त्याला घास द्यायचं बंद करतात आणि शेवटी सगळं शरीरच खंगतं. लोकांना पटलं आणि ते परतले, असं गोष्ट सांगते. मला हे कधीच पटलं नाही. लोक परतले ते करार झाल्यावर. त्यांना स्वतःचे अधिकारी मिळाले, ट्रिब्यून. सुरुवातीला दोन, इ. स. पू. ४५७ पासून दहा. पॅट्रिशियन माणसाला हे पद घेता यायचं नाही. आणि ट्रिब्यूनच्या अंगाला जो हात लावील तो देवांचा गुन्हेगार, त्याला कोणीही मारलं तरी पाप नाही, अशी सगळ्या प्लेबियनांनी शपथ घेतली. म्हणजे या पदामागे ना फौज होती, ना खजिना. मागे होती फक्त लोकांची एकमुखी शपथ. गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहिली, करार विसरला गेला. हे मला लागतं, म्हणून धागा काढला.

तुम्हाला या झगड्याबद्दल काय वाटतं, जरूर लिहा. शेवटी कोण जिंकलं, यावर मला स्वतःला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही.

पाऊलवाट

सुंदर लिहिलंय. एक प्रश्न. ट्रिब्यून नेमकं करायचा काय? कायदे करायचा का?

उंबरठा

@पाऊलवाट, कायदे नंतर. आधी त्याचं काम होतं आडवं पडणं. अधिकाऱ्याचा शिपाई एखाद्या प्लेबियनाला धरायला आला की तो ओरडून ट्रिब्यूनला हाक मारायचा. ट्रिब्यून मध्ये येऊन उभा राहिला की संपलं, त्याला ढकलून पुढे जाता यायचं नाही. म्हणून त्याच्या घराचं दार रात्रंदिवस उघडं ठेवायचा नियम होता आणि पूर्ण दिवस शहराबाहेर राहायला त्याला मनाई होती. हाकेला ओ देता आली पाहिजे ना. त्याचा अधिकार शहर आणि त्याभोवतीच्या पहिल्या मैलापर्यंतच चालायचा. त्यापलीकडे, रणभूमीवर, कॉन्सलचा शब्द अखेरचा. याच अडवण्याच्या हक्कातून पुढे नकाराधिकार आला. ट्रिब्यूनने ‘वेतो’, म्हणजे ‘मी मना करतो’, म्हटलं की सिनेटचा ठरावही थांबायचा.

हिशेबनीस

धागा आवडला. मी तीसेक वर्षं कर्जवसुलीच्या खात्यात काढली, त्यामुळे यातला कर्जाचा भाग मी वेगळ्या डोळ्यांनी वाचतो.

इ. स. पू. ४५१-४५० मध्ये बारा फलकांचा कायदा लिहिला गेला. त्यातली कर्जाची कलमं बघा. निकाल लागल्यावर कर्जदाराला तीस दिवसांची मुदत. तेवढ्यात पैसे भरले नाहीत आणि कोणी जामीनही उभा राहिला नाही, तर धनको त्याला घरी नेऊन बांधून ठेवू शकतो. बेड्या पंधरा रोमन पौंडांच्या, आपले साधारण पाच किलो. स्वतःचं खायला नसेल तर रोज एक पौंड धान्य, म्हणजे पाव किलोपेक्षा थोडं जास्त. असे साठ दिवस. त्या काळात लागोपाठ तीन बाजारांच्या दिवशी त्याला चौकात उभं करून कर्जाचा आकडा पुकारायचा, कोणाला दया आली तर सोडवावं म्हणून. कोणी आलं नाही तर मृत्यू, नाहीतर तायबर नदीपलीकडे विक्री. आणि धनको अनेक असतील तर त्यांनी त्याचे तुकडे वाटून घ्यावेत, असंही कलम आहे. शरीराचे की मालमत्तेचे, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

याशिवाय ‘नेक्सुम’ नावाचा करार होता. त्यात कर्ज घेणारा स्वतःचं अंगच तारण ठेवायचा. कर्ज फिटेपर्यंत धनकोची वेठ. कागदोपत्री तो गुलाम नसायचा, नागरिकच असायचा. म्हणूनच म्हाताऱ्याला पाहून लोक खवळले असणार. लढाईला बोलावताना नागरिक आणि घरी आल्यावर बेडीत.

बारकाईने पाहिलं तर ही कलमं क्रूर असली तरी त्यांत मुदत आहे, बेडीचं वजन आहे, धान्याचं माप आहे. त्याआधी तेवढंही लिहिलेलं नव्हतं. ज्याच्याकडून वसुली करायची त्याला मुदत ठाऊक असणं किती मोठं असतं, हे मी रोज पाहिलंय.

पाटीपेन्सिल

@हिशेबनीस काका, शेवटचा परिच्छेद फार महत्त्वाचा. मी शाळेत शिकवते आणि मला या झगड्यात सगळ्यांत जवळचा वाटणारा धागा हाच, की कागद कोणाकडे?

इ. स. पू. ४६२ मध्ये टेरेंटिलियस हार्सा या ट्रिब्यूनने मागणी केली ती जमिनीची नव्हे. कॉन्सलच्या अधिकारांची हद्द लिहून काढा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. फलक लागायला दहा-बारा वर्षं गेली. सिसेरो सांगतो की त्याच्या लहानपणी मुलं हे बारा फलक तोंडपाठ करायची, आपल्याकडे पाढे म्हणतात तसे.

दुसरं, इ. स. पू. ४४९ मध्ये ठरलं की सिनेटचे ठराव प्लेबियनांच्या ईडाइल अधिकाऱ्यांकडे, अ‍ॅव्हेंटाइन टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या सेरीस देवीच्या देवळात जमा करायचे. कारण लिव्ही म्हणतो की तोवर कॉन्सल ते मनाला येईल तसे दडपायचे किंवा बिघडवायचे. सेरीस म्हणजे धान्याची देवी. तिच्या देवळात लोकांचं दफ्तर! मला ही कल्पनाच फार आवडते.

पण फलक लागून भागलं नाही. दावा कोणत्या दिवशी लावता येतो, तेव्हा नेमके कोणते शब्द उच्चारायचे, हे पुरोहितांच्या मंडळालाच ठाऊक. एक शब्द चुकला की दावा गेला. कायदा चौकात टांगलेला आणि तो वापरायची किल्ली पुरोहितांच्या घरात. ती किल्ली बाहेर काढली ग्नेयस फ्लावियसने, इ. स. पू. ३०४ मध्ये. हा मुक्त केलेल्या गुलामाचा मुलगा, पेशाने कारकून. त्याने दाव्यांची सूत्रं प्रसिद्ध केली आणि न्यायाच्या दिवसांचं पंचांग पांढऱ्या फळ्यांवर लिहून फोरमभोवती लावलं. त्याच वर्षी तो ईडाइल झाला. एकदा आजारी सहकाऱ्याला भेटायला गेला असता तिथे बसलेली खानदानी तरुण मंडळी ठरवून उठली नाहीत. तेव्हा त्याने आपली अधिकाराची खुर्ची तिथे आणवली आणि तिच्यावर बसून त्यांच्याकडे पाहिलं. वर्गात हे सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही ऐकतात.

दगडफूल

सगळे मनापासून लिहीत आहेत म्हणून जरा भीतभीतच लिहितो. लिव्ही जन्मला इ. स. पू. ५९ मध्ये. तो म्हाताऱ्याचं भाषण लिहितो ते घटनेनंतर साडेचारशेहून अधिक वर्षांनी. त्याच्या आधीच्या पिढ्यांनी ग्राकस बंधूंच्या काळचा, म्हणजे इ. स. पू. १३३ नंतरचा जमिनीचा रक्तरंजित वाद पाहिला होता आणि जुन्या कथा सांगताना तो रंग त्यांत उतरला, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. आणखी एक. प्रजासत्ताकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतल्या कॉन्सलांच्या यादीत जी नावं आहेत त्यांतली काही पुढे प्लेबियन घराण्यांची म्हणून ओळखली जातात, ज्युनियस, कॅसियस वगैरे. म्हणजे पॅट्रिशियनांचं दार पहिल्यापासून बंद नसावं, ते हळूहळू लोटलं गेलं असावं. आधी घट्ट दोन जाती, मग लढा, हे चित्र थोडं सैल करून वाचावं.

उंबरठा

@दगडफूल, भीतभीत कशाला, हे यायलाच हवं होतं. म्हाताऱ्याचे शब्द लिव्हीचे आहेत हे मान्य. चेहराही त्याचाच असेल. पण बेडीचं वजन ठरवणारं कलम कोणी मागाहून रचलेलं वाटत नाही. ट्रिब्यूनचं पद होतं, शपथ होती, सेरीसचं देऊळ होतं. दार हळूहळू लोटलं गेलं हे तर मला अधिकच खरं वाटतं. बारा फलकांच्या शेवटच्या दोन फलकांत पॅट्रिशियन-प्लेबियन लग्नाला बंदी घातली. बंदी लिहावी लागली याचा अर्थ तोवर अशी लग्नं होत असणार. पाच वर्षांत, इ. स. पू. ४४५ मध्ये, ट्रिब्यून कॅन्युलियसने ती बंदी उठवून घेतली.

जाईजुई

लग्नाचा विषय निघालाच आहे तर व्हर्जिनियाबद्दल लिहिते. फलक लिहायला नेमलेल्या दहाजणांपैकी अ‍ॅपियस क्लॉडियस (आधीच्या अ‍ॅपियसच्याच घराण्यातला) मुदत संपली तरी सत्ता सोडेना. त्याची नजर एका प्लेबियन सेंच्युरियनच्या मुलीवर गेली. आपल्या आश्रिताकरवी त्याने दावा लावला की ही मुलगी त्या आश्रिताची गुलाम आहे. निवाडा करायला बसला तो स्वतः. बापाने जवळच्या खाटकाच्या दुकानातून सुरा उचलला आणि मुलीला मारलं. इ. स. पू. ४४९. सैन्य पुन्हा उठून डोंगरावर गेलं, दहाजण गेले, त्यांच्या काळात बंद असलेलं ट्रिब्यूनचं पद परत आलं.

ही कथा स्वातंत्र्याची म्हणून सांगितली जाते. मला ती तशी वाचवत नाही. त्यात त्या मुलीच्या तोंडी एक शब्द नाही.

म्हणून दुसऱ्या एका व्हर्जिनियाचं सांगते. इ. स. पू. २९६. ही जन्माने पॅट्रिशियन, पण नवरा व्होलम्नियस प्लेबियन, कॉन्सल झालेला. पॅट्रिशियन स्त्रियांनी तिला शीलदेवतेच्या देवळात पूजेला येऊ दिलं नाही, बाहेर लग्न केलंस म्हणून. तिने आपल्या राहत्या घराचा एक भाग भिंत घालून वेगळा केला, तिथे वेदी मांडली आणि प्लेबियन बायकांना बोलावून सांगितलं की ही प्लेबियन शीलदेवता. लग्नबंदी उठून दीडशे वर्षं झाली होती तेव्हा! कायदा बदलला तरी देवळाच्या पायरीवर काय चालतं, ते यातून कळतं.

मुक्काम रोम

नोकरीनिमित्त तीन वर्षं रोममध्ये होते. पवित्र डोंगर बघायचा म्हणून हट्टाने गेले. आता तिथे मोंते साक्रो नावाची वस्ती आहे, अपार्टमेंट, दुकानं, रहदारी. डोंगर म्हणावं असं काही नाही, टेकाडच. खाली अनिओ वाहते (आता तिला आन्येने म्हणतात) आणि तिच्यावर नोमेन्तानो हा जुना पूल आहे. मी पुलावर उभी राहून शहराच्या दिशेने पाहत होते. तीन मैल म्हणजे पाचेक किलोमीटर. सकाळी निघालं तर न्याहारीपर्यंत पोचावं इतकं जवळ. शहराच्या तटावरून या लोकांच्या चुलींचा धूर दिसत असेल, असं तेव्हा मनात आलं. १८०५ मध्ये सिमोन बोलिव्हारने दक्षिण अमेरिका मुक्त करायची शपथ याच टेकाडावर घेतली होती.

हिशेबनीस

उंबरठाताईंनी विचारलं, शेवटी जिंकलं कोण. मला वाटतं याचं उत्तर इ. स. पू. ३६७ च्या कायद्यांत आहे.

लिसिनियस स्टोलो आणि सेक्स्टियस हे दोन ट्रिब्यून. दोघेही बऱ्या घरचे. दहा वर्षं ते निवडून येत राहिले आणि त्यांनी तीन मागण्या एकत्र बांधल्या. पहिली कर्जाची. आजवर भरलेलं व्याज मुद्दलातून वजा करा आणि उरलेलं तीन वर्षांत तीन समान हप्त्यांत घ्या. उदाहरणार्थ, हजार घेतले, तीनशे व्याजापोटी गेले, तर बाकी सातशेच. आपल्या जुन्या दामदुपटीत व्याज मुद्दलाएवढं चढू देतात, त्याहून हे कितीतरी कडक. दुसरी जमिनीची. कोणाकडेही ५०० युगेरांपेक्षा, म्हणजे सुमारे ३१० एकरांपेक्षा जास्त नको. तिसरी, दोनपैकी एक कॉन्सल प्लेबियन हवा.

गरीब लोकांना पहिल्या दोन हव्या होत्या. तिसरीशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं आणि ते तसं म्हणालेही. तेव्हा या दोघांनी सांगितलं की तिन्ही एकत्र, नाहीतर एकही नाही. कर्जात बुडालेल्या माणसाच्या मताच्या जोरावर श्रीमंत प्लेबियनांनी कॉन्सलचं पद मिळवलं. पुढच्याच वर्षी सेक्स्टियस पहिला प्लेबियन कॉन्सल झाला. आणि इ. स. पू. ३५७ मध्ये स्वतः लिसिनियस स्टोलोला दंड झाला, दहा हजार आस (रोमन नाणं). मुलाला कागदोपत्री वेगळा काढून त्याने दोघांच्या नावे हजार युगेरा ठेवले होते. त्याच्याच कायद्याखाली दंड झाला. हे वाचून मला अनेक दिवस वाईट वाटत होतं.

पाटीपेन्सिल

पटतंय, पण सगळं नाही. तिन्ही एकत्र बांधल्या नसत्या तर सिनेटने कर्जाची सूट देऊन लोकांना घरी पाठवलं असतं आणि पुढच्या खेपेला पुन्हा अ‍ॅपियस क्लॉडियस. सर्व्हिलियसचं वचन आठवा. पद नसेल तर सवलत टिकत नाही.

उंबरठा

@हिशेबनीस, @पाटीपेन्सिल, तुम्हा दोघांचं वाचून बराच वेळ विचार करत बसले. मतदानाची रचनाही यात धरायला हवी. कॉन्सल निवडणाऱ्या सभेत १९३ गट होते. घोडेस्वारांचे १८ आणि पहिल्या, सर्वांत धनिक वर्गाचे ८० मिळून ९८, म्हणजे बहुमत तिथेच पुरं. ते एकमताने चालले की मोजणी थांबायची. ज्यांच्याकडे काहीच नाही अशा सगळ्यांना मिळून एक गट. प्लेबियन कॉन्सल आला तरी तो कोण असणार, हे त्या ९८ मध्येच ठरायचं.

तरी मला पाटीपेन्सिलचं म्हणणं सोडवत नाही. नेक्सुम बंद झालं ते लिसिनियसनंतर चाळीस वर्षांनी, लिव्हीच्या हिशेबाने इ. स. पू. ३२६ मध्ये. पब्लिलियस नावाच्या कोवळ्या पोराने बापाच्या कर्जापोटी स्वतःला धनकोकडे बांधून घेतलं होतं. धनकोने त्याच्यावर वाईट नजर टाकली, नकार मिळाल्यावर नागवं करून फटके मारले. पोरगा रक्ताळलेल्या पाठीने रस्त्यावर धावला, लोक जमले, सिनेटर आत जाताना लोकांनी प्रत्येकाला ती पाठ दाखवली. त्याच दिवशी कॉन्सलना कायदा मांडायला सांगण्यात आलं. कर्जाला माल तारण राहील, अंग नाही. लिव्ही म्हणतो की त्या वर्षी प्लेबियनांच्या स्वातंत्र्याची जणू दुसऱ्यांदा सुरुवात झाली. मला पुन्हा तो पहिला म्हातारा आठवला. मध्ये जवळजवळ १७० वर्षं गेली.

आणि कर्ज तरीही संपलं नाही. इ. स. पू. २८७ मध्ये पुन्हा कर्जापायीच लोक उठून जॅनिक्युलम टेकडीवर गेले. हुकूमशहा हॉर्टेन्सियसने ओकच्या राईत कायदा करून घेतला की प्लेबियन सभेचा ठराव सगळ्या रोमन लोकांवर, पॅट्रिशियनांवरसुद्धा, बंधनकारक. पुस्तकं झगडा इथे संपला म्हणतात. दीडशे वर्षांनी टायबेरियस ग्राकस त्याच ५०० युगेरांची मर्यादा घेऊन उभा राहिला. तोही ट्रिब्यूनच होता, त्याच्याही अंगाला हात लावायचा नव्हता. सिनेटरांनी बाकांचे पाय मोडून त्याला मारलं आणि प्रेत नदीत टाकलं. त्यावर लिहायचं तर वेगळा धागा लागेल. थोडा वेळ द्या.

पाऊलवाट

नक्की काढा. जाता जाता, त्या पोटाच्या गोष्टीवाल्या मेनेनियसचं पुढे काय झालं?

उंबरठा

करारानंतर लवकरच वारला. लिव्ही लिहितो की तो स्वतःही मूळचा प्लेबियनच, म्हणूनच त्याला पाठवलं होतं. मेला तेव्हा घरात अंत्यविधीपुरतेही पैसे नव्हते. डोंगरावरून परतलेल्या लोकांनी माणशी एकेक सेक्सटान्स, म्हणजे एका आसचा सहावा भाग, अशी वर्गणी काढली आणि त्याला पोचवलं.